राखणदाराचं अर्धं आख्यान

खटका चुकीच्या बाजूला बसवला होता.

म्हाताऱ्याने सेटवर पाऊल टाकलं आणि सगळ्यात आधी त्याला तेच दिसलं. बाकी बरंच जमलं होतं. प्लायवूडच्या भिंतींना दिलेला सरकारी हिरवट रंग, दोन खोल्यांच्या मधली जाड काच, पलीकडे टेबलावर जाळीचं तोंड असलेला माइक, दारावर लाल दिवा. भिंतीवर परक्या राजाची तसबीरही होती. राजाच्या जागी त्यांनी सेटवरच्या सुताराचाच फोटो मिशा चिकटवून टांगला होता, आणि तो सुतार खाली उभा राहून अधूनमधून स्वतःकडे आदराने बघत होता.

"खटका डावीकडे नव्हता हो," म्हातारा म्हणाला. "उजवीकडे. डावा हात कागदावर असायचा."

"बघा!" दिग्दर्शक टाळी वाजवून ओरडला. "म्हणून तर आजोबांना शोधून आणलं. अहो महाराज, उतरा जरा तसबिरीतून आणि हा खटका हलवा!"

सुतार हातोडी घेऊन आला. सगळे हसले. म्हाताराही हसला, पण जरा उशिरा. एकट्या माणसाचं असं होतं. हसायची सवय मोडली की हसू आधी आत विचारून येतं, येऊ का म्हणून.

चित्रपट विनोदी होता. परक्यांच्या राज्यातलं एक रेडिओ केंद्र, तिथला भाषा न कळणारा गोरा साहेब, आणि त्याच्या हाताखालची घाबरट माणसं, अशी गोष्ट. खऱ्या केंद्रावर त्या काळात काम केलेलं कुणी हयात आहे का, याचा शोध घेता घेता ते या म्हाताऱ्यापर्यंत आले होते. निवेदक गेला, पेटीवाला गेला, दारावरचा शिपाईसुद्धा गेला. उरला हा. त्याचं काम काय होतं हे ऐकल्यावर दिग्दर्शक खुर्चीतून उडालाच होता.

काम सोपं होतं. काचेच्या अलीकडे बसायचं. कानाला हेडफोन. समोर साहेबाने सही केलेला कागद. पलीकडे जो कुणी बोलेल किंवा गाईल, त्याच्या शब्दाबरोबर डाव्या हाताचं बोट कागदावर पुढे सरकवायचं. कागदावर नसलेला शब्द आला की उजव्या हाताने खटका खाली. खटका खाली गेला की बोलणाऱ्याचा आवाज जगाला ऐकू यायचा बंद. मग तयार ठेवलेल्या तबकडीवर सुई टेकवायची, बँडची धून लावायची. केंद्रावर त्याला सगळे कात्री म्हणायचे. साहेबालाही एवढा एक शब्द नीट यायचा.

"आणि आजोबा, तो खोकल्याचा किस्सा सांगा ना यांना," दिग्दर्शक म्हणाला.

खटकेवाल्याची भूमिका करणारा विनोदी नट समोर स्टुलावर बसला होता. अंगाने भरलेला, डोळे मात्र मिस्कील. म्हाताऱ्याने सांगितलं, की एकदा निवेदकाला पडसं झालं. कागदावर नसलेला आवाज काढायचा नाही असा हुकूम. तेव्हा त्या बिचाऱ्याने आदल्या दिवशी लिहूनच दिलं, 'येथे निवेदक दोनदा खोकेल.' साहेबाने त्यावर सही केली.

"मग?"

"मग काय, तो तीनदा खोकला."

"आणि तुम्ही खटका ओढलात?"

"तिसऱ्या खोकल्याला."

नट स्टुलावरून पडायचाच बाकी राहिला. "काय हो आजोबा, तुम्ही तर आमच्या पोटावर पाय देणार! मी आता वेगळा काय विनोद करू?"

म्हाताऱ्याला बरं वाटलं. खूप दिवसांनी त्याला कुणी 'मग?' असं विचारत होतं. मुलगा दूरदेशी, रविवारी फोन करायचा, पण त्याचे प्रश्न ठरलेले. जेवलात का, गोळी घेतलीत का, दार नीट लावता ना. त्यात 'मग?' नसायचं. 'मग?' विचारणारी एकच होती, त्याची बायको, ती तीन वर्षांपूर्वी गेली. आणि तिने आयुष्यभर विचारलेल्या एका 'मग?'चं उत्तर त्याने दिलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या उत्तरासाठीच तो सेटवर यायला तयार झाला होता. पण हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं कसं हेही त्याला ठाऊक नव्हतं.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली तशी माणसं पांगली. म्हातारा मागे राहिला. काचेपलीकडच्या खोलीत गेला, माइकसमोरच्या खुर्चीत बसला. खऱ्या केंद्रात या खुर्चीत तो एकदाही बसला नव्हता. त्याची जागा नेहमी काचेच्या अलीकडे. त्याने टेबलावरून हात फिरवला. आणि नकळत, श्वास सुटावा तशी, त्याच्या तोंडून एक ओळ निघाली.

"दारी बसे राखणदार, पाठ त्याची देवाकडे..."

एवढंच. मग तो उठला, डबा घेऊन बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला.

थोड्या वेळाने एक बाई ताटली घेऊन त्याच्या समोर उभी राहिली. चाळिशी उलटलेली, गळ्यात हेडफोन अडकवलेले, पायांत मळके बूट. सेटवर तिला सगळे आवाजवाली ताई म्हणत. चित्रपटातलं सगळं बोलणं, पावलं, दारं, पेले तीच मुद्रित करायची.

"पुढे काय हो?" ती म्हणाली.

"कशाच्या पुढे?"

"राखणदाराच्या. पाठ देवाकडे, आणि पुढे?"

म्हातारा चपापला. "तुम्हाला कुठून ऐकू आलं?"

"माइक चालू होता. माझं कामच ते, आजोबा. या सेटवर कोण कुणाला शिव्या घालतो, कुणाच्या पोटात कावळे ओरडतात, सगळं माझ्या कानात. लोक विसरतात मी आहे म्हणून." ती हसली. "जेवायलासुद्धा कुणी हाक मारत नाही. त्यांना वाटतं, हिने ऐकलंच असेल."

"ते असंच. जुनं आख्यान आहे एक."

"शेवट काय त्याचा?"

"मला कुठे ठाऊक?" म्हातारा डब्यात बघत म्हणाला. "मी आपला कामात असायचो."

शब्द तोंडातून गेले आणि घास तिथेच थांबला. हेच शब्द. अगदी हेच. बायकोला त्याने हेच सांगितलं होतं, पहिल्या दिवशी आणि नंतर दर वेळी.

*

झालं होतं ते असं.

त्या काळी गावोगाव फिरून आख्यानं गाणारी एक कथेकरीबाई होती. झांजेवर गायची, मध्येच थांबून अर्थ सांगायची, पुन्हा गायची. माणसं दिवसभराचा शीण घेऊन यायची आणि हलकी होऊन घरी जायची. देवाचं नाव कसं घ्यावं हे सांगणारे पुष्कळ असतात. देव आत्ता इथे तुमच्या शेजारी बसलाय असं वाटायला लावणारा एखादाच. ती तशी होती. लोकांचा आग्रह झाला, तेव्हा साहेबाने तिला केंद्रावर बोलावलं. अट एकच, आख्यान आधी लिहून द्यायचं.

आता, आख्यान कुणी लिहून गातं का? समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी दिसलं तर गाणारी तिथे थांबते, कुणी पेंगलं तर त्याला चिमटा काढते, आणि एखादी ओळ तिला स्वतःलाच तिथल्या तिथे सुचते. तरी बाईने कुणाकडून तरी लिहून घेतलं. एका राज्यातला देवाच्या दारावरचा राखणदार. राजाची आज्ञा अशी, की राखणदाराने तोंड रस्त्याकडे ठेवायचं आणि पाठ देवाकडे. माणसं येतात, देवाला बघून जातात, याने मात्र जन्मात देव पाहिलेला नाही. पुढे अंगणात लोकांची गर्दी वाढली, राजाला धास्ती वाटली, त्याने दार बंद करायला सांगितलं. राखणदाराने दार लावलं. शेवटी आज्ञापालनाचं फळ मिळालं. साहेबाने भाषांतर करून घेतलं आणि खूष होऊन सही ठोकली. नोकराने आज्ञा पाळावी, यापरतं गोड आख्यान साहेबाला कुठलं?

बाई आली. खुर्ची बाजूला सारून उभी राहिली. माइककडे बघून म्हणाली, "अगं बाई, एवढ्याशा तोंडाला एवढे कान?" आणि डोळे मिटले. ती गाताना डोळे मिटायची.

अर्धं आख्यान कागदाबरोबर चाललं. त्याचं बोट ओळीवर, बाईचा आवाज बोटावर. त्याचे डोळे भरून आले होते, पण बोट चुकलं नाही. आणि मग, राजाने दार बंद करायला लावलं तिथे, बाईला काय सुचलं देव जाणे,

"कुलूप घातले राजाने, किल्ली घेतली कमरेला,
सांग राजा, कोंडलेस कोणा? देवाला की स्वतःला?"

कागदावर नव्हतं. साहेब मागे उभा होता. त्याला ओळ कळली नाही, पण बोट थांबलेलं त्याने पाहिलं.

खटका खाली गेला. सुई तबकडीवर टेकली. साऱ्या मुलखात आख्यानाच्या जागी बँड वाजू लागला. दारावरचा लाल दिवा विझला. साहेबाने पाठीवर थाप मारली आणि तो चहा प्यायला गेला.

पण दिवा विझलेला बघायला बाईचे डोळे उघडे कुठे होते? ती गातच राहिली. आणि हेडफोनमध्ये तिचा आवाज येतच राहिला, कारण खटका फक्त बाहेरची वाट बंद करायचा. काचेपलीकडून हेडफोनपर्यंतची वाट चालू होती. वीस मिनिटं ती बाई मुलखाला म्हणून गात होती, आणि ऐकणारा एकटा तो होता. उठून काचेवर टकटक करावी, हे त्याच्या मनात आलं. तो उठला नाही. त्याला शेवट ऐकायचा होता.

शेवट झाल्यावर बाईने डोळे उघडले, पदराने घाम टिपला. बाहेर येऊन त्याला म्हणाली, "पोचलं ना रे बाबा सगळ्यांपर्यंत?"

"पोचलं, बाई," तो म्हणाला.

तिला पुन्हा कधी बोलावलं नाही.

घरी गेला तर बायको दारातच. त्यांच्या गल्लीत घड्याळजीच्या दुकानात रेडिओ होता, सगळी गल्ली तिथे जमायची. बँड सुरू झाल्यावर घड्याळजीने रेडिओला आधी थापट्या मारल्या, मग उचलून हलवला, मग आत किल्ली द्यायची जागा शोधली. लोक हसले आणि घरी गेले. बायको गेली नाही. बँड संपेपर्यंत थांबली, आख्यान परत लागेल म्हणून.

"तुम्हीच बंद केलंत ना?" ती म्हणाली.

"कागदावर नव्हतं."

"बरं. पण पुढे काय झालं? राखणदाराचं?"

"मला कुठे ठाऊक? मी कामात होतो."

का म्हणाला तसं? सांगितलं असतं तर काय बिघडत होतं? बिघडत होतं. कारण शेवटात राजाविरुद्ध एक शब्द नव्हता. कुणाला दुखवणारं काही नव्हतं. शेवट जर सांगितला, तर बायको म्हणणार, मग एवढ्यासाठी बंद केलंत? आणि याला उत्तर नव्हतं. राज्य गेलं, साहेब गेला, केंद्र दुसऱ्या इमारतीत गेलं, तरी बायको अधूनमधून विचारायची. संध्याकाळी उजेडासाठी दाराच्या पायरीवर शिवण घेऊन बसायची, सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची, "मला वाटतं राजाने त्या राखणदाराला शेवटी दिवाण केलं असेल. नाही?" कधी म्हणायची, "मला वाटतं तो वळून बघतो. एकदाच. देव दिसतो आणि मरतो." तो म्हणायचा, "असेल." एकदा तिने शिवणातून मान वर करून फक्त त्याच्याकडे बघितलं होतं. मग दाताने दोरा तोडला. शेवटच्या दुखण्यातसुद्धा तिने विचारलं. त्याने तोंड उघडलं होतं. तेवढ्यात डॉक्टर आले.

नंतर वेळ मिळाला नाही.

*

दुसऱ्या दिवशी नेमका कथेकरीबाईचाच प्रसंग होता.

तिचं काम करणारी नटी मोठी गुणी होती. तिने म्हाताऱ्याला येऊन विचारलं, बाई उभी कशी राहायची, झांज कशी धरायची. पण पटकथेत होतं ते असं, की बाई डोळे मिटून गाते आहे, खटकेवाला घाबरून खटका ओढतो, सुई ठेवताना तबकडी चुकते, आणि मुलखाला आख्यानाच्या जागी साहेबाच्या बायकोचा नाच शिकायचा धडा ऐकू येतो. इकडे बाई गाते, तिकडे गल्लीतली माणसं एक-दोन-तीन करत गिरक्या घेतात.

म्हातारा दिग्दर्शकाकडे गेला. रात्रभर मनाशी घोकलेलं वाक्य ऐन वेळी पळून गेलं, तसा तो उगीच तसबिरीकडे बघत राहिला.

"बोला ना आजोबा. खटका आता बरोबर आहे?"

"खटका बरोबर आहे. मी काय म्हणतो... ती बाई... तिचं आख्यान पूर्ण होऊ द्यायचं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे चित्रपटात शेवटपर्यंत गाऊ द्यायची. बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही, पण चित्रपट बघणाऱ्यांना तरी जाईल."

दिग्दर्शक वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची पुढे ओढली, म्हाताऱ्याला बसवलं. "आजोबा, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. खरंच असं झालं होतं का? शेवट तुम्हाला ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

"मग सांगा. पटकन सांगा. चांगला असेल तर बघू काही करता आलं तर."

भोवती माणसं जमली. दिव्यावाला शिडीवरून वाकला. नट कानात काडी घालून ऐकू लागला. कुणीतरी घड्याळ बघितलं. म्हातारा बोलायला गेला. "मग तो राखणदार बसतो... पायरीवर... आणि देव..." आणि पुढे जमेना. आख्यान म्हणजे काय बाजाराची यादी आहे, पटकन सांगायला? त्याला वाटलं, एका वाक्यात सांगितलं तर ते एका वाक्याएवढंच होऊन जाईल. जेवढं पन्नास वर्षं उराशी धरलं, तेवढं यांच्या पुढ्यात चिमूटभर होऊन पडेल.

"राहू द्या," तो म्हणाला. "नीट आठवत नाही."

"असू दे, आजोबा. गंमत जाईल हो नाहीतर. लोक हसायला येणार." दिग्दर्शकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठला. "चला, दिवे!"

शॉट झाला. झाला तो अफलातून झाला. नटाने खटक्याला हात लावायच्या आधी खटक्याची माफी मागितली, मग चटका बसल्यासारखा ओढला, आणि सुई ठेवायची म्हणून स्वतःचंच बोट तबकडीवर ठेवून गोल गोल फिरला. शिडीवरचा दिव्यावाला हसता हसता शिडी धरून बसला. म्हाताऱ्यालाही हसू आलं. खरंखुरं, आत न विचारता आलेलं. आणि हसता हसताच त्याला इतकं एकटं वाटलं, की बायको गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. कारण आता ते आख्यान जगात फक्त त्याच्याकडे होतं, आणि त्याच्याबरोबरच जाणार होतं. कथेकरीबाई गेली, लिहिलेला कागद अर्ध्यापर्यंतच खरा, आणि ज्या बायकोने पन्नास वर्षं विचारलं तिला सांगायचं राहिलं.

पुढचा प्रसंग गल्लीचा होता. सगळे सामान उचलून शेजारच्या सेटवर निघाले.

"थांबा!" आवाजवाली ताई ओरडली. "मला या खोलीची शांतता घ्यायचीय. एक मिनिट."

म्हाताऱ्याने नटाला विचारलं, "शांतता घ्यायची म्हणजे?"

"ते यांचं एक खूळ असतं," नट जाता जाता म्हणाला. "प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे. ती भरून ठेवतात. मध्ये कुठे आवाज तुटला की जोडायला. आमच्या घरात बायको बोलायची थांबली तर मीसुद्धा भरून ठेवीन!"

माणसं गेली. आवाजवाली ताई काचेच्या अलीकडे बसली, म्हाताऱ्याच्या जागेवर, कानाला हेडफोन, बोट यंत्राच्या बटणावर.

"मी जाऊ का बाहेर?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नको, चालाल तर फळ्या वाजतील. बसा तिथेच, माइकसमोर. हलू नका. मी बोट उचललं की सुरू, पुन्हा उचललं की संपलं."

तो बसला. तिने बोट उचललं. खोली गप्प झाली.

एक मिनिट म्हणजे किती मोठं असतं हे रेडिओतल्या माणसाला विचारावं. आधी त्याला दिव्यांचा बारीक गुणगुणाट ऐकू आला. मग ओल्या लाकडाचा कुठेतरी तट्‌ असा आवाज. मग स्वतःचा श्वास. आणि मग त्या सगळ्याच्या खालून, सुईत दोरा ओवता ओवता विचारावं तसं, अगदी घरगुती आवाजात, 'मग?'

त्याने डोळे मिटले.

"कुलूप घातले राजाने..." तो गाऊ लागला. आवाज फाटका होता, सूर कुठे लागला तर लागला. पण ठेका सुटला नाही, डावं बोट टेबलावर तो धरून होतं. दार लागलं, माणसं परत गेली, अंगण ओस पडलं, हे त्याने गायलं. मग कथेकरीबाई थांबायची तिथे थांबला आणि अर्थ सांगू लागला, तिच्याच बोलीत.

"तर ऐका. राखणदार एकटा पायरीवर बसलाय. म्हणतो, दार मी लावलं. माझ्या या हातांनी लावलं. आता देव मला काय म्हणेल? मागे वळून बघायचीही सोय नाही, मागे तर कुलूप. मान खाली घालून बसलाय. तेवढ्यात रस्त्याने कुणी येतं. पायाला ही धूळ. राखणदार म्हणतो, बाबा, दार बंद आहे, उद्या या. तो म्हणतो, मला कुठे आत जायचंय? मी आत कधी होतो? मी तर रोज रांगेत असायचो, तुझ्यासमोरून जायचो. राखणदार म्हणतो, मग तू रागावला नाहीस? दार मी लावलं. तेव्हा तो म्हणतो, लावलंस खरं. पण लावून उठून गेला नाहीस. बसून राहिलास. आता ऐका तो काय म्हणतो."

आणि त्याने गायलं,

"सरक थोडा, राखणदारा, बसू दे मज पायरीला,
रोज तुझ्या समोरून गेलो, आज वेळ भेटायला."

शेवटची ओळ बाईने त्या दिवशी तीनदा घेतली होती. त्यानेही तीनदा घेतली. तिसऱ्यांदा आवाज उमटलाच नाही, नुसते ओठ हलले.

मध्ये कधीतरी दारावर थाप पडली होती. "ताई, झालं का? दिग्दर्शक विचारतात, एक मिनिट किती वेळ चालणार?" आवाजवाल्या ताईने हात वर करून दाराकडे तळवा दाखवला, आणि यंत्र तसंच चालू ठेवलं. यातलं म्हाताऱ्याला काही दिसलं नव्हतं. त्याचे डोळे मिटलेले.

त्याने डोळे उघडले. काचेच्या पलीकडे ती बसली होती. हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरलेले.

"पोचलं का?" त्याने विचारलं.

तिने हेडफोन गळ्यात उतरवले. "माझ्यापर्यंत पोचलं, आजोबा. आणि यात भरलंय." तिने यंत्रावर बोटाने टिचकी मारली. "यांच्या चित्रपटात बसायचं नाही. पण पुसणार नाही मी."

"खोटं सांगू नका हं मला. मी एकदा सांगितलंय असं."

"खोटं नाही." तिने नाक पुसलं. "पण आता एक पंचाईत झाली. शांतता घ्यायची राहिली."

बाहेर जाऊन तिने हाक मारली तेव्हा दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. "अगं बाई, शांतता घ्यायला अर्धा तास, आणि तरी मिळाली नाही? केवढी शांतता हवीय तुला?" पण सगळे परत आले. गल्लीच्या सेटवर गिरक्या घेऊन दमलेली माणसं, तसबिरीतल्या राजासकट, त्या प्लायवूडच्या खोलीत दाटीवाटीने उभी राहिली. नटाने आपलं पोट दोन्ही हातांनी धरून ठेवलं, हसू नये म्हणून. नटीच्या हातात झांज होती, ती तिने पदरात गुंडाळली. आणि मिनिटभर कुणी काही बोललं नाही.

आवाजवाल्या ताईने डबीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं, 'खोलीची शांतता, दुसरी वेळ'. पहिल्या डबीवर तिने नुसतं 'राखणदार' लिहिलं आणि ती आपल्या पिशवीत टाकली.

संध्याकाळी म्हातारा घरी आला. दार उघडलं, डबा विसळून पालथा घातला, गोळी घेतली. खोलीत नेहमीसारखंच होतं. गादीची एक बाजू सपाट, खुंटीवर एकच टॉवेल. शिवणाची पेटी खिडकीत होती तशीच. तीन वर्षांत तिच्यात त्याने फक्त सुई शोधायला हात घातला होता.

उजेड अजून होता. तो बाहेर येऊन दाराच्या पायरीवर बसला. रस्त्याने माणसं घरी निघाली होती, कुणाच्या हातात भाजी, कुणी सायकल ढकलत. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. तो नेहमी पायरीच्या मधोमध बसायचा. बसल्यावर थोड्या वेळाने तो भिंतीकडे सरकला, एक माणूस शिवण घेऊन बसेल एवढा.

"तर ऐक," तो हळूच म्हणाला. "दिवाण नाही केला त्याला."